महाघोरपडींची पंगत

फार फार पूर्वी, जेव्हा कोणतं साल चालू आहे असं विचारण्याची गरज कोणालाच वाटत नसे, त्या काळी भर समुद्रात एक बेट होतं. बेटाच्या मधोमध डोंगर होता, डोंगरावर जंगल होतं आणि जंगलात महाघोरपडी राहत होत्या.

शेताच्या बांधावर एखादी घोरपड तुम्ही पाहिली असेल. ती डोळ्यांसमोर आणू नका. महाघोरपड म्हणजे दोन धडधाकट माणसं एकापुढे एक झोपवली तर होईल एवढी लांब. अंगावर चिलखतासारखी कातडी, तोंडात करवतीसारखे दात आणि दुभंगलेली पिवळी जीभ. त्या जिभेनेच ती वास घ्यायची. कोसभर लांब मरून पडलेलं जनावर तिला जिभेच्या टोकावर कळायचं. देवाने तिला रूप दिलं नव्हतं आणि तिनेही त्याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती.

माणसं किनाऱ्याला राहायची, मासे धरायची, रताळी आणि सुरण लावायची. डोंगर महाघोरपडींचा आणि किनारा माणसांचा, असं पूर्वापार चालत आलेलं. रानडुकरांना मात्र हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ती डोंगरावरून उतरून रताळ्यांचे वाफे उकरायची. महाघोरपडी डुकरं खायच्या, म्हणून माणसांना रताळी खायला मिळायची.

पण सुखात असलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. बेटावरच्या लोकांना महाघोरपडीच्या कातड्याचे ढोल करायचं सुचलं. ढोल फार सुरेख वाजायचे. ते वाजता वाजता महाघोरपडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आणि डुकरं बेसुमार झाली. आता ती नुसती रताळी उकरून थांबेनात. महाघोरपडी मातीत पुरून ठेवायच्या ती अंडीही डुकरं उकरून खाऊ लागली.

पंच सभेला बसले.

"डुकरं फार झाली," पंचांचे म्होरके हरबा म्हणाले.

"झालीच," बाकीचे पंच म्हणाले.

"काहीतरी केलं पाहिजे."

"केलंच पाहिजे."

एवढं काम उरकलं की सभा संपायची. कारण जेवणाची वेळ व्हायची, आणि जेवणाची वेळ त्या बेटावर कोणी चुकवत नसे.

त्याचं असं होतं की सगळ्या बेटाची चूल एक होती. भर दुपारी मोठ्या मांडवात एकच पंगत बसायची आणि तान्ह्या पोरापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिथे हजर असायचे. आजारी माणसालासुद्धा आपण आजारी आहोत हे पंगतीत येऊन सांगावं लागे. 'वेगळी चूल' ही बेटावरची सगळ्यांत घाणेरडी शिवी होती. पोरांनी ती उच्चारली तर मार बसायचा.

या पंगतीची कारभारीण होती आवडाकाकू. तिला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे सगळं बेट तिने पोटाशी धरलं होतं. कोणी कमी जेवलं तर ती रडायची, जास्त जेवलं तर आणखी वाढायची. सकाळी दिसेल त्या पोराला धरून ती न्हाऊ घालायची, मग ते आधी न्हालेलं असो वा नसो. तिची माया कुठे संपते आणि हुकूम कुठे सुरू होतो, हे तिच्या नवऱ्याला, धोंडूकाकांनाही कधी कळलं नव्हतं. त्यांनी कमी ऐकू येतं असं जाहीर करून टाकलं होतं आणि त्यावर त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

एका वर्षी डुकरांनी सुरणाचं अर्धं शेत फस्त केलं. त्या दिवशी पंगतीत वाढताना आवडाकाकूचं पातेलं पहिल्यांदाच शेवटच्या पानाआधी रिकामं झालं. शेवटच्या पानावर बसलेला म्हातारा "असू दे काकू, भूक नव्हतीच" असं म्हणून उठला. काकूच्या काळजाला ते वाक्य लागलं.

"माना हलवणं पुरे झालं," ती पंचांसमोर जाऊन उभी राहिली. "महाघोरपडी वाचल्या तर आपली पानं वाचतील. आजपासून मी बघते."

"बघ की," हरबा म्हणाले. बघणं दुसऱ्याने पत्करलं की पंचांना नेहमीच बरं वाटत असे.

आणि काकूने खरोखरच बघितलं. ढोल उतरवून ठेवायला लावले. डोंगरावर कुत्रे घेऊन जायला बंदी केली. मेलेली गुरं किनाऱ्यावर पुरण्याऐवजी डोंगरावर नेऊन ठेवायची, असं ठरवलं. शोधता शोधता डोंगराच्या सोंडेवर मातीचा एक उंचवटा सापडला. त्यात पुरलेली अंडी तेवढी डुकरांच्या तडाख्यातून वाचली होती. उरलेल्या महाघोरपडींतली एक थोरली मादी त्यावर पसरली होती. तिच्या वाट्याला न जाता काकूने लांबून चहूकडे काटेरी कुंपण घातलं आणि डुकरांना हाकलायला माणसं ठेवली. त्या वर्षी दुसरी अंडी नव्हतीच. त्यांतून पिल्लं निघाली तर महाघोरपडींचा वंश चालणार होता, नाहीतर रताळी डुकरांची आणि बेटही डुकरांचं.

इथवर काकूने केलं ते सगळं बरोबर होतं. ती इथेच थांबली असती तर शहाणी म्हणून गाजली असती. पण माया करणाऱ्या माणसाला कुठे थांबावं हे सांगायला कोण जाणार?

पावसाळा सरला आणि अंडी फुटली. हातभर लांबीची, हिरवी-पिवळी ठिपकेदार पिल्लं मातीतून बाहेर पडली. आईकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. जी धूम ठोकली ती सरळ झाडांवर, शेंड्यापर्यंत. तिथेच राहू लागली. किडे खायची, पाली धरायची, ढोलीत झोपायची. क्वचित एखादं खाली उतरलं तर आधी शेणाघाणीत लोळायचं आणि मगच इकडेतिकडे फिरायचं.

काकू कौतुकाने पाहायला गेली आणि मटकन खाली बसली.

"अहो, ऐकलंत का?"

धोंडूकाकांनी ऐकलं नाही.

"एवढीएवढीशी लेकरं, आणि झाडावर वेगळं बिऱ्हाड! आई खाली, पोरं वर! किडे खातात हो! आणि अंगाला काय घाण, शी! कोणी न्हाऊ घालायला नाही, कोणी जेव म्हणायला नाही."

"त्यांची ती रीत असेल," काका पुटपुटले.

"असली कसली रीत? तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरंय."

दुसऱ्या दिवशी सगळं बेट शिड्या आणि टोपल्या घेऊन डोंगरावर गेलं. पिल्लांनी ओरबाडलं, चावलं, शेपट्या मारल्या. लोकांनी हसत हसत ते सोसलं, कारण पुण्यकर्मात थोडा त्रास व्हायचाच. डोंगराच्या पायथ्याशी भटक्या गुरांसाठी दगडी भिंतीचा कोंडवाडा होता. तो सारवून घेतला. आत एक मेलेला रेडा ओढून आणला आणि दार सताड उघडं ठेवलं. रेड्याचा वास सुटताच महाघोरपडी एकामागून एक खाली आल्या आणि आत शिरल्या.

काकूने पिल्लांना कोमट पाण्याने आणि शिकेकाईने खसाखसा न्हाऊ घातलं. मग त्यांना ओळीने मांडलं. पळून जाऊ नयेत म्हणून मऊ सुती पट्ट्यांनी खुंटांना बांधलं. प्रत्येकापुढे एकेक पान आणि पानावर मांसाचा तुकडा. समोर थोरल्यांची रांग. काय शोभा होती! महाघोरपडी रेडा खाऊन तट्ट फुगल्या होत्या आणि डोळे मिटून पडल्या होत्या.

"बघा, कशा तृप्त झाल्यात पोरं भेटल्यावर," हरबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

काही दिवसांनी पिल्लं कमी दिसू लागली. पट्ट्या तुटलेल्या आणि पानं रिकामी.

"पट्ट्या तोडून झाडावर पळालीत मेली," काकू म्हणाली. "खोड लागलीय ना वेगळं राहायची!" तिने पट्ट्यांच्या जागी जाड दोऱ्या आणल्या. शिवाय जवळच्या झाडांच्या बुंध्यांना काटेरी फांद्या गच्च बांधून टाकल्या, म्हणजे पळालेल्यांना चढायला जागाच उरू नये.

तरी पिल्लं कमीच होत राहिली. काकू रोज सकाळी कोंडवाड्यात जायची. त्या वेळी महाघोरपडी गारठलेल्या असायच्या, ऊन अंगात मुरेपर्यंत दगडासारख्या पडून राहायच्या. काकू निवांत पिल्लांना न्हाऊ घालायची, पानं मांडायची आणि दुपार व्हायच्या आत मांडवात परत यायची. तिच्याशिवाय पंगत बसत नसे. संध्याकाळी पाहावं तर आणखी एखादं पिल्लू गायब.

तिने घारींना शिव्या दिल्या. तिने डुकरांना शिव्या दिल्या. तिने राखणदारांनाही शिव्या दिल्या.

"तिथे दुपारी कोण असतं?" धोंडूकाकांनी एकदा विचारलं.

"दुपारी कोण असणार? दुपारी सगळे पंगतीला असतात."

"सगळी माणसं," काका म्हणाले आणि पुन्हा बहिरे झाले.

त्या रात्री काकूला झोप लागली नाही. पिल्लं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आवडाकाकू पंगतीला गेली नाही. ती कोंडवाड्याच्या भिंतीवर चढून बसली. ऊन तापलं. महाघोरपडींच्या अंगात हालचाल आली. काल आणलेल्या नव्या रेड्याचं धड कोथळा फाटून पडलं होतं, पण थोरल्या मादीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सावकाश पिल्लांच्या रांगेकडे गेली. जीभ बाहेर काढली, आत घेतली. आणि टोकाला बांधलेलं पिल्लू, दोरीसकट, गिळून टाकलं.

"अगं ए!" काकू किंचाळली. "पोटचं पोर ना ते तुझं!"

महाघोरपडीने घास पुरता खाली जाऊ दिला. तोंडात घास असताना बोलायची तिची पद्धत नव्हती.

"असेल," ती म्हणाली.

"असेल? असेल म्हणजे काय?"

"बाई, मी अंडी घातली, वर माती लोटली, राखण केली. तिथे माझं काम संपलं. पुढचं काम झाडांचं."

"झाड काय आई असतं का?"

"मी जड आहे, मला झाडावर चढता येत नाही. ती हलकी आहेत, त्यांना येतं. म्हणून तर आमच्यात कोणीतरी मोठं होऊन उरतं. तीही जड झाली की खाली येतात. तोवर जे लहान आहे आणि हलतं आहे, ते मी खाते. माझं की दुसरीचं, हे मी विचारत बसत नाही."

"तुला लाज नाही वाटत?"

"ती काय असते ते मला ठाऊक नाही. पण एक सांगते. तू त्यांना खाली आणलंस, बांधलंस, धुऊन पुसून पानापुढे मांडलंस. माझ्या आईच्या आईचीही इतकी बडदास्त कोणी ठेवली नसेल."

 काकूला वाटत होतं की आपण पोरांना जेवायला बसवतो आहोत. खरं तर तिने त्यांनाच पानात वाढलं होतं.

महाघोरपड पुन्हा वळली. रांगेत एक पिल्लू असं होतं की ते रोज न्हाणं झालं की दोरी ताणून मेल्या जनावराच्या कोथळ्यात जाऊन लोळायचं. त्यापायी काकूने त्याला चापट्याही दिल्या होत्या. आत्ताही ते शेणाने आणि पोटातल्या घाणीने बरबटलेलं होतं. महाघोरपडीची जीभ त्याच्यापाशी गेली, थबकली, आणि तिने नाक मुरडल्यासारखी मान फिरवली. स्वतःच्या जेवणातली आतड्यातली घाण तेवढी ती कधी तोंडात घेत नसे.

शिकेकाईच्या वासाची बाकीची पिल्लं पलीकडे थरथरत होती. ती त्यांच्याकडे निघाली.

काकूने कासोटा घातला आणि भिंतीवरून आत उडी मारली. जी बाई अंगणात शेणाचा शिंतोडा उडाला तर पुन्हा आंघोळ करायची, तिने दोन्ही हात कोपरापर्यंत रेड्याच्या कोथळ्यात घातले. मूठ मूठ घाण काढून तिने तोंडाला, मानेला, हातापायांना फासली. उरलेली पिल्लांवर थापली. मग कमरेचा कोयता काढून एकेक दोरी कापली आणि एकेक पिल्लू पदरात भरलं. ती चावत होती, पण काकूला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

थोरली मादी वाटेत आडवी आली. तिची जीभ काकूच्या पोटरीला लागली. काकूने श्वास धरला. जीभ आत गेली. पुन्हा बाहेर आली. मग ते प्रचंड डोकं किंचित बाजूला झालं.

काकू धावली नाही, कारण धावणाऱ्याचं काय होतं ते तिने डुकरांच्या बाबतीत पाहिलं होतं. ती चालत दाराबाहेर पडली, चालत झाडापाशी पोचली आणि थांबली. बुंध्याला काटे होते. तिनेच बांधलेले, आणि बांधलेलं सैल राहू नये याची काळजीही तिनेच घेतलेली.

तिने ते उघड्या हातांनी ओढून काढले. तळवे फाटले, रक्त निघालं. रक्ताचा वास मात्र महाघोरपडींना आवडतो. मागे पाला सळसळला. थोरली मादी दारातून बाहेर आली होती आणि या वेळी ती सावकाश चालत नव्हती.

शेवटची काटेरी फांदी निघाली. काकूने पदर बुंध्याशी उलटा केला. पिल्लं खारींसारखी वर पळाली. आणि त्यांच्या मागोमाग, लहानपणापासून झाडावर न चढलेली, गुडघे दुखणारी आवडाकाकूही चढली. खाली जबड्याचा फटकारा हवेतच वाजला. महाघोरपडीने थोडा वेळ वर पाहिलं, मग रेड्याकडे परत गेली.

पंगत काकूशिवाय बसेना, म्हणून सगळं बेट उपाशीपोटी तिला शोधत आलं. ती झाडाच्या बेचक्यात सापडली. नखशिखांत घाणीने माखलेली, हातातून रक्त गळतंय, आणि डोक्याच्या वरच्या फांदीवर ओळीने पिल्लं.

धोंडूकाकांनी मान वर केली. "काय गं," ते म्हणाले, "वेगळं बिऱ्हाड केलंस वाटतं?"

काकू आधी रडली आणि मग हसली. खाली उतरल्यावर तिने काय पाहिलं ते सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न सावरता सांगितलं.

"मला पहिल्यापासून शंका होती," हरबा म्हणाले. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्याच दिवशी कोंडवाडा मोडला. फुकटचं वाढप बंद झाल्यावर महाघोरपडी आपण होऊन डोंगरावर आणि डुकरांच्या मागे गेल्या. झाडांचे काटे निघाले. डोंगराच्या सोंडेवरच्या झाडाला कोयता लावायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही आणि अंड्यांवरची राखण सोडायची नाही, एवढे नियम काकूने घालून दिले. नियम घालून ती गप्प बसली. हे तिला सगळ्यांत जड गेलं. थंडीवाऱ्याची ती कितीदा तरी झाडांखाली जाऊन उभी राहायची, वर पाहायची, हात पदरात घट्ट धरायची आणि परत यायची.

सगळी पिल्लं जगली नाहीत. एकाला घारीने नेलं, एक वादळात पडलं. काकूने दोन्ही वेळा जेवण सोडलं, पण शिडी मागितली नाही.

अशी वर्षं गेली. उंचवट्यात आणखी अंडी फुटली, झाडांवर आणखी ठिपके हलू लागले. आणि एका सकाळी, ऊन चढत असताना, एका वाकलेल्या फांदीवरून एक जाडजूड प्राणी धपकन खाली आला. हिरवा-पिवळा रंग जाऊन तो मातकट झाला होता. झाडाला आता त्याचं ओझं होत होतं.

आवडाकाकू काठी टेकत तिथेच उभी होती. त्याने जीभ बाहेर काढून तिचा वास घेतला. ओळख दाखवली नाही, आभार मानले नाहीत. रताळ्याच्या शेताकडून डुकरांचा आवाज आला तसा तो तिला वळसा घालून त्या दिशेने निघून गेला.

"अहो, पाहिलंत का?" काकू म्हणाली. "गेला! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!"

इतक्या आनंदाने तिला कोणाची तक्रार करताना धोंडूकाकांनी कधी ऐकलं नव्हतं.

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं त्याचं जगणं आधी नीट पाहावं, आपल्या घरची रीत ही साऱ्या जगाची गरज नसते.